शिकाऊ पोराचा खर्च कोणाच्या खात्यावर?



तीस किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असलेल्या प्रत्येक आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असा आपल्याकडे कायदा आहे. किती, तर कंत्राटी माणसे धरून एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. जागा रिकामी ठेवली तर दंड आहे: पहिले तीन महिने दर जागेमागे महिना ५०० रुपये, त्यानंतर १,०००. आणि कायदा पाळून आयटीआय झालेला एक मुलगा घेतला, तर २०१९ च्या नियमांप्रमाणे त्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन द्यावे लागते. यातले स्वस्त काय, हे आंब्याच्या पेटीचा भाव करणाऱ्या माणसाला सांगायला अर्थशास्त्राचा मास्तर लागत नाही.

तरीही मी आलो आहे, कारण दंड हा या गोष्टीतला सर्वांत छोटा भाग आहे. खरा प्रश्न मुलगा घेतल्यानंतर सुरू होतो. त्याला शिकवायचे की राबवायचे? आणि शिकवायचे तर तो खर्च कोणी सोसायचा? माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांची सोय होईल. आजच्या व्यवस्थेत, एका वर्षाचा हिशेब मांडला तर मन लावून शिकवणारा मालक तोट्यात जातो आणि पोराला नुसता राबवणारा फायद्यात राहतो. हे जोवर उलटत नाही, तोवर पोर्टल काढा, योजना काढा, फार फरक पडणार नाही.

केशवसुतांच्या गावात, मालगुंडला, बोलायला आलेल्या माणसाने कवितेवर बोलावे, अशी तुमची अपेक्षा असेल. पण १८६६ साली इथे जन्मलेल्या त्या कवीने ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ या नावाची कविता लिहिली आहे, आणि स्वतःचे आयुष्यही तुटपुंज्या पगाराच्या मास्तरकीत काढले. त्यामुळे पोटापाण्याचा विषय मालगुंडला परका नाही. त्यांच्या काळात कचेरीत चिकटायचे तर आधी बिनपगारी उमेदवारी करावी लागे. घरचे जेवायचे आणि सरकारी कागदांच्या नकला करायच्या. जागा रिकामी होईल तेव्हा होईल. म्हणजे सरकारी कारकून तयार करण्याचा खर्च तेव्हा सरकार करत नव्हते, उमेदवाराचा बाप करत होता. हे सूत्र लक्षात ठेवा.

आज इथे मे महिन्याच्या सुट्टीत आलेले चाकरमानीही बरेच दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांची उमेदवारी मुंबईच्या गिरणीत झाली असणार. त्या गिरण्यांना सर्वांत जास्त माणसे पुरवणाऱ्या जिल्ह्यांत आपला तेव्हाचा अखंड रत्नागिरी जिल्हा अग्रभागी होता. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, पण साच्यावर उभा राहणारा माणूस काही तिथून आला नाही. तो काकाच्या किंवा मामाच्या शेजारी उभा राहून तयार झाला. काकाने जॉबरच्या, म्हणजे माणसे भरणाऱ्या मुकादमाच्या, कानात घालायचे, जॉबरला दस्तुरी पोचवायची, मग पोराला खात्यात शिरकाव. आधी बदली म्हणून. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत, नाही तर खोलीवर परत. तोवर त्याला राहायला गावकीचा गाळा, जेवायला उधारीची खानावळ. खानावळ चालवणाऱ्या बायांनी ती उधारी वागवली नसती, तर मुंबईच्या कापडधंद्याला इतके हात मिळालेच नसते, असे माझे मत आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्या बायांचे नाव प्रशिक्षणाच्या प्रकरणात येत नाही. यायला हवे.

म्हणजे गिरणीमालकाला तयार कारागीर जवळजवळ फुकट मिळत होता. शिकवणीचा खर्च नातेवाइकांनी, गावकीने आणि खानावळीने वाटून घेतला होता.

ही व्यवस्था आठवून गळा काढायचे कारण नाही. जिथे नातेवाईक खर्च सोसतो, तिथे दार नातेवाइकालाच उघडते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे दलित कामगारांना उभे करत नसत. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि विटाळाच्या कल्पनेने ते सूत सवर्णांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला तो याचसाठी. काकाच्या भरवशावर चालणाऱ्या शिक्षणात ज्याला काका नाही त्याने काय करायचे? सार्वजनिक कायदा लागतो तो इथे. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या आणि काकाची ती शाळाही गेली. तिच्या जागी आपल्या हातात उरला तो १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा.

या कायद्यातल्या दोन-तीन गोष्टीच आपल्या कामाच्या. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा आहे, अशी कायद्याची भूमिका. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा यांचा बोजा मालकावर नाही. कामावर दुखापत झाली तर भरपाई मात्र मालकाने द्यायची. मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती नाही. १९९५ साली उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की बाकी सारे समान असेल तर प्रशिक्षित उमेदवाराला बाहेरच्यापेक्षा पसंती द्यावी. पसंती म्हणजे हमी नव्हे. २०१४ साली कायदा बदलला, मालकाला तुरुंगात घालण्याची तरतूद गेली आणि सुरुवातीला सांगितलेला तो दंड राहिला. २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा पाव हिस्सा उचलते, पण महिना १,५०० रुपयांपर्यंतच. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवावे अशी शिफारस केली. मी पुढचा हिशेब २०१९ च्या दरानेच मांडतो. दर वर गेला तरी हिशेबाचा कल तोच राहतो.

आता हिशेब. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, तुमच्या धंद्यातले घालून तपासून पाहा.

समजा रत्नागिरीत गाड्यांचे एक मोठे वर्कशॉप आहे. तिथे आयटीआय झालेला एक मुलगा वर्षभरासाठी शिकाऊ म्हणून आला. विद्यावेतन ७,०००, सरकारचे १,५०० वजा जाता मालकाचे ५,५००. हेड मिस्त्रीचा पगार २५,०००, तो रोजच्या आठ तासांतला एक तास या मुलासाठी देतो, म्हणजे महिना ३,००० च्या आसपास. बूट, हत्यारे, मोडतोड, वाया गेलेला माल यांचे ५००. एकूण महिना ९,०००, वर्षाला १,०८,०००. मुलाकडून मिळणारे काम? पहिले चार महिने तो पाना शोधण्यातच गुंतलेला, काम महिना ३,००० चे. मधले चार महिने ८,००० चे. शेवटचे चार महिने हात बसलेला, १३,००० चे. बेरीज ९६,०००. मालक वर्षाअखेर १२,००० रुपयांनी तोट्यात.

रस्त्याच्या पलीकडे दुसरे वर्कशॉप आहे. तिथल्या मालकाने शिकवण्याचा एक तासही खर्च केला नाही. मुलगा गाड्या धुतो, सामान उचलतो, चहा आणतो, गेट उघडतो. हेल्परचेच काम, महिना १०,००० चे धरू, वर्षाला १,२०,०००. मालकाचा खर्च ६६,०००. नफा ५४,०००. दोघांनी एकाच पोर्टलवर नोंदणी केली, दोघांसाठी सरकारने तेवढाच हिस्सा उचलला. एकाने मेकॅनिक तयार केला, दुसऱ्याने स्वस्तात हेल्पर मिळवला, आणि दोघांत ६६,००० रुपयांचा फरक पडला, तोही दुसऱ्याच्या बाजूने.

पुढे आणखी एक गंमत होते. पहिल्याकडचा मुलगा तयार झाला, मालकाने त्याला १५,००० वर ठेवला. तो १८,००० चे काम करतो असे धरले, तर चार महिन्यांत मालकाचा तोटा भरून निघतो आणि पुढे सगळा फायदाच. पण दुसऱ्या महिन्यात पलीकडचा मालक येतो आणि सांगतो, मी १६,००० देतो. ज्याने शिकवण्यावर छदाम खर्च केला नाही त्याला हजार रुपये जास्त द्यायला परवडतात. पलीकडचा मालक नसला, तर चाकण आहे आणि आखाती देश आहेत.

गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या ग्रंथात हे सूत्ररूपाने मांडले. जे कौशल्य कुठेही चालते, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक सोसणार नाही, तो शेवटी शिकणाऱ्यानेच कमी मजुरी घेऊन सोसायचा. तर्क बिनतोड आहे. पण तो मालगुंडच्या मुलाला लावून पाहा. हॉटेलात किंवा कंत्राटदाराकडे त्याला महिना १२,००० मिळत असतील, तर ७,००० वर शिकायला जाणे म्हणजे वर्षाचे ६०,००० रुपये सोडणे. शिकल्यावर पगार महिना ३,००० ने वाढला तर ते वीस महिन्यांत वसूल होतात. सौदा वाईट नाही. फक्त दोन अटी आहेत. पहिली, खरोखर शिकायला मिळाले पाहिजे. पलीकडच्या वर्कशॉपात गेलेल्याचे ६०,००० बुडाले, कायमचे. दुसरी, तो घरी राहून जाऊन-येऊन करू शकला पाहिजे. लोट्याला किंवा पुण्याला खोली घेतली की भाडे आणि मेस यांतच विद्यावेतनातला बराचसा भाग जातो. घरी राहिला तर आई डबा देते. म्हणजे पुन्हा तेच, खानावळीच्या उधारीच्या जागी आईचा डबा आला. बेकरचा विद्यार्थी भविष्यातल्या पगारावर कर्ज काढू शकतो, आपल्या मुलाला पतसंस्थाही दोन जामीन मागते.

मग जिथे हे जमते तिथे कसे जमते? स्वित्झर्लंडमध्ये सुमारे दोन-तृतीयांश मुले शाळेनंतर तीन-चार वर्षांची उमेदवारी धरतात. तिथल्या अभ्यासांत दिसते, की बहुसंख्य मालकांचा खर्च उमेदवारी संपेपर्यंतच भरून निघतो. जर्मनीत मालकाला त्या काळात सरासरीने तोटा होतो, पण मुलगा टिकतो आणि तोटा पुढे भरून निघतो. आपल्या वर्षभराच्या हिशेबात फायद्याचे महिने फक्त शेवटचे चार होते, तिथे फायद्याची दोन वर्षे मिळतात. पण नुसती मुदत वाढवून चालणार नाही. आपल्याकडे मुदत तीन वर्षांची केली तर पलीकडच्या वर्कशॉपवाल्याला दिवाळीच. स्वित्झर्लंड-जर्मनीत शेवटी बाहेरची, कडक परीक्षा असते. ती मालकाच्या हातात नसते, आणि कोणाकडची मुले पास होतात, कोणाकडची गळतात हे गावाला माहीत असते. आपल्याकडेही शिकाऊ उमेदवारांची अखिल भारतीय परीक्षा आहे, राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. मात्र सरकारचे १,५०० रुपये त्या परीक्षेला बांधलेले नाहीत. हजेरी लागली की पैसे. त्यातले निम्मे पैसे मागे ठेवून मुलगा पास झाल्यावरच द्या, आणि प्रत्येक आस्थापनेच्या निकालाचा आकडा पोर्टलवर उघडा करा. पैसा तेवढाच लागेल, फक्त तो शिकवणाऱ्याच्या बाजूने झुकू लागेल.

सरकारला मात्र सगळा खर्च आपणच उचलण्याचा मोह आवरत नाही. २०२४ साली आपल्या राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना, सगळे सरकारचे. सहा महिन्यांची मुदत, ती पुढे वाढवली. मालकाच्या खिशातून काही जात नाही, म्हणून त्या मुलाचा वेळ मालकाला फुकटचा वाटतो, आणि फुकटच्या वेळाची किंमत कोण करतो? मुदत संपली तेव्हा मुले आम्हाला कायम करा म्हणून मोर्चे काढू लागली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हातात कौशल्य आले असते तर त्यांनी नोकरी मागितली असती, मुदतवाढ मागितली नसती. उलट टोकाची गोष्ट पुण्याची. सुमंत मूळगावकरांनी साठच्या दशकात टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा पसारा उभा करताना प्रशिक्षण विभागाला अग्रक्रम दिला. तिथे तयार झालेले सगळेच काही टेल्कोत राहिले नाहीत, अनेकांनी पुढे स्वतःचे लघुउद्योग काढले. मूळगावकरांनी तो खर्च वीस वर्षांच्या हिशेबाने केला होता. पण टेल्कोला जे परवडते ते रत्नागिरीच्या वर्कशॉपला परवडेलच असे नाही, हे मी मान्य करतो. आपल्या शेजारी जयगडला बंदर आहे, १,२०० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. अशा मोठ्यांची गोष्ट वेगळी. मालगुंड-गणपतीपुळे पट्ट्यातला बहुतेक रोजगार लहान लॉज, खानावळी, बागा, होड्या आणि गॅरेज यांचा आहे.

आता जरा आपल्याच बागेकडे बघू. हापूसच्या रखवालीला नेपाळी माणसे येतात, मच्छीमार बोटींवर नेपाळी खलाशी आहेत. त्यांना शिकवा असा कोणताही कायदा नाही, एक रुपयाचे अनुदान नाही. तरी बागायतदारांनी त्यांना फवारणी शिकवली, झेल्याने देठासकट आंबा उतरवायला शिकवला, प्रतवारी आणि पेटी भरणे शिकवले. का? कारण तो माणूस बागेतच राहतो, कुटुंबासह राहतो, आणि अनेकदा पुढच्या हंगामाला परत येतो. त्याला शिकवलेले वाया जात नाही हे मालकाला माहीत असते. आपली मुले टिकत नाहीत ही बागायतदारांची तक्रार मी नेहमी ऐकतो. पण त्या मुलाला पहिल्या वर्षी जे मिळते तेच पाचव्या वर्षी मिळणार असेल, तर त्याने कशाला टिकावे? शिकलेल्याची मजुरी वाढते हे त्याला दिसले पाहिजे. ते मुंबईला दिसते, म्हणून तो मुंबईला जातो. यात कोकणी माणसाच्या आळसाचा वगैरे काही संबंध नाही, ती थट्टा आता पुरे झाली.

लहान मालकांसाठी कायद्यात एक वाट आहे, तिचा वापर फार थोडा होतो. चार ते एकोणतीस माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती नाही, पण घेता येतो, आणि सरकारचा हिस्सा मिळतो. एकेकट्या लॉजला स्वयंपाक, खोल्यांची व्यवस्था, वीज-पंपाची दुरुस्ती हे सगळे शिकवणे जमणार नाही. पण या पट्ट्यातल्या आठ-दहा मालकांनी मिळून मुले घेतली, एक चांगला शिकवणारा सामायिक पगारावर ठेवला आणि मुलगा पाळीपाळीने फिरवला, तर मिस्त्रीचा तो रोजचा तास दहा जणांत वाटला जातो. मग मुलगा शेजारच्या लॉजने उचलला तरी कोणाची चोरी होत नाही, कारण शेजाऱ्यानेही वर्गणी भरलेली असते. पळवापळवीवर मला माहीत असलेला हाच एक कमी खर्चाचा उपाय आहे. यात अडचणी येतील. हंगामात कोणाकडे मुलगा आधी, यावरून भांडणे होतील. दिवाळीत आणि मे महिन्यात तर नक्कीच होतील. सहकारी सोसायट्या चालवलेल्या लोकांना अशी भांडणे नवी नाहीत.

शेवटी पालकांशी दोन शब्द. मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर करारावर तुमची सही लागते. ती करण्याआधी तीन गोष्टी विचारा: मुलाला शिकवणारा माणूस कोण, या मालकाकडून मागच्या वर्षी किती मुले परीक्षेला बसली, आणि त्यांतली किती आज याच धंद्यात आहेत. मालकाला शिकवायचे असेल तर तो उत्तर देईल. करार झाल्यावर मुलगा नुसते गेट उघडतो आहे असे दिसले, तर गप्प बसू नका. करारातला वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो, तसा अधिकार कायद्यानेच दिला आहे. तो वापरा. तिथे तुमचा अर्ज पोचला नाही, तर पलीकडच्या वर्कशॉपला पुढच्या वर्षीही ५४,००० रुपये मिळतील.